रिकाम्या वेलमधला पिवळा रंग

एलायझा म्हणजे रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी. तिच्या प्लेटवर ज्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या वाटीत, नमुनाच घातलेला नाही, तोही पिवळाधमक होतोय आणि कारण सापडत नाहीये, अशा कुणासाठी हे लिहितेय. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यात पडले आणि सप्टेंबरच्या मध्यात बाहेर आले. ३१ प्लेट्स लागल्या. त्या दिवसांत कुणीतरी भेटावं आणि ‘अगं, मलाही असंच झालं होतं’ एवढंच म्हणावं, असं फार वाटायचं.

मी महापेला एमआयडीसीत, मिलेनियम बिझनेस पार्कपासून थोडं पुढे, निदानाची किट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. राहते ठाण्यात. ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरायचं आणि पुढे शेअर रिक्षा. सोमवारी, ९ जूनला मॅडमनी फेरिटिनचा एलायझा माझ्याकडे सोपवला. आधीचा सहकारी नोकरी सोडून गेला होता. त्याची वही आणि अर्धा-मुर्धा प्रोटोकॉल एवढंच हातात आलं. चाचणीपुरतं किट बनवायचं एमडी-१३ लायसन्स कंपनीकडे आधीच होतं आणि रुग्णालयातून येणाऱ्या उरलेल्या सीरमसाठी एथिक्स कमिटीची मंजुरीही फायलीत होती. त्यामुळे कागदांची बाजू मोकळी होती. माझ्यापुढे उरली ती प्लेट.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. माझी आई त्या वयात कायम दमलेली असायची. ‘रक्त कमी आहे’ म्हणून तिला गोळ्या मिळत, पण साठा किती उरलाय हे कुणी मोजलं नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिन १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता मानते. आम्ही नमुना दहापट पातळ करतो, म्हणजे प्लेटवर मला १.५ नॅनोग्रॅम स्वच्छ ओळखता यायला हवं होतं. उंच आकडे वाईट प्लेटवरसुद्धा दिसतात. बॅकग्राउंड (फेरिटिन नसतानाही येणारा रंग) खातं ते तळाचे आकडे, आणि ज्या बायकांसाठी ही टेस्ट करायची त्या सगळ्या तळाशीच असतात.

ज्यांना एलायझा नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये ९६ छोट्या वाट्या असतात, आठ ओळी आणि बारा कॉलम. त्यांना आम्ही वेल म्हणतो. तळाला फेरिटिन पकडणारी अँटिबॉडी चिकटवायची, हे कोटिंग. मग नमुना घालायचा. मग फेरिटिनला दुसऱ्या बाजूने धरणारी डिटेक्शन अँटिबॉडी. मग त्या अँटिबॉडीला ओळखणारं कॉन्जुगेट, ज्याला एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं असतं. शेवटी टीएमबी घातलं की एन्झाइम असेल तिथे निळा रंग येतो, आम्ल घालून थांबवलं की तो पिवळा होतो आणि रीडर ४५० नॅनोमीटरला तो मोजतो. अडचण ही की पॉलिस्टायरीनला कुठलंही प्रथिन चिकटतं. कोटिंगनंतर मोकळ्या राहिलेल्या जागेवर कॉन्जुगेट जाऊन बसलं तर फेरिटिन नसतानाही रंग येणार. म्हणून मधे ब्लॉकिंग करायचं, एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने ती मोकळी जागा भरून टाकायची. उकडीचा मोदक वळताना उकड हाताला चिकटू नये म्हणून आपण तुपाचं बोट लावून घेतो, तसंच हे. ते प्रथिन ‘निरुपद्रवी’ असतं, हे मी कॉलेजपासून धरूनच चालले होते.

पहिली प्लेट ११ जूनला संध्याकाळी कोट केली आणि १२ जूनला वाचली. उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, प्रत्येक वेलला १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. ब्लॉकिंगला पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये १ टक्का बीएसए, म्हणजे रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, २०० मायक्रोलिटर, एक तास. डिटेक्शन अँटिबॉडी शेळीची. कॉन्जुगेट शेळीच्या अँटिबॉडीला ओळखणारं, सशात बनवलेलं, १:१०,००० पातळ केलेलं. हे प्राणी कृपया लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

ब्लँकचा, म्हणजे नमुना नसलेल्या वेलचा, ओडी (रंगाची तीव्रता) आला ०.४१. एक नॅनोग्रॅम फेरिटिनच्या स्टँडर्डचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाच्या वेलचा, ०.४६. ब्लँक्सचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०३ होतं. सरासरीत त्याची तिप्पट मिळवली की ०.५० होतात, म्हणजे माझा एक नॅनोग्रॅम ब्लँकमध्येच बुडाला होता. चांगल्या प्लेटवर ब्लँक ०.१ च्या आत हवा. त्या दिवशी फार काही वाटलं नाही. पहिलीच प्लेट होती.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते सगळे करतात. बीएसए १ वरून ३ टक्क्यांवर नेलं. ब्लँक ०.४७, म्हणजे किंचित वाढला. ही मला मिळालेली पहिली सूचना होती आणि मी ती ‘पिपेटिंगमधला फरक’ म्हणून बाजूला टाकली. प्लेट धुण्याचे तीन वॉश होते त्यांचे पाच केले, प्रत्येक वॉशला एक मिनिट थांबले, तेव्हा ०.३८ आला. कॉन्जुगेट दुप्पट पातळ केलं तर ब्लँक ०.२२ वर उतरला आणि मी खूश झाले. मग वरचा आकडा पाहिला. १०० नॅनोग्रॅमचा ओडी २.३ वरून १.२ वर आला होता. दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात खाली आले होते, मिळालं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी वहीत ब्लँकच्या शेजारी वरच्या स्टँडर्डला ब्लँकने भागून येणारा आकडा लिहायला लागले. नुसता ब्लँक कमी होणं फसवं असतं.

किती फसवं, ते १८ जूनला कळलं. त्या दिवशी ब्लँक ०.०६ आला. मी रीडरसमोर उभी राहून आमच्या ज्युनिअरला हाक मारली. ती धावत आली, स्क्रीन पाहिली आणि हळूच म्हणाली, “ताई, सगळेच ०.०६ आहेत.” खरंच, १०० नॅनोग्रॅमसुद्धा. फ्रिजमध्ये तयार बीएसए बफरची बाटली होती आणि घाईत कॉन्जुगेट मी त्यातच पातळ केलं होतं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ०.०२ टक्के सोडियम अझाइड. बफर खराब होऊ नये म्हणून अझाइड घालतात, पण ते एचआरपीला बंद पाडतं. एचआरपी वापरणाऱ्यांनी कॉन्जुगेटच्या आसपास अझाइड फिरकू देऊ नये आणि बाटलीवर ते मोठ्या लाल अक्षरात लिहावं. मी त्या संध्याकाळी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं नव्याने लिहिली.

२६ जूनला शेवटचा हुकमी उपाय म्हणून ५ टक्के स्किम मिल्क घेतलं. स्वस्त असतं, वेस्टर्न ब्लॉटवाले डोळे मिटून वापरतात, आणि ‘बॅकग्राउंड येतोय का, दूध वापर’ हे प्रत्येक सीनिअर सांगतो. ताजं बनवलं, गुठळ्या राहू नयेत म्हणून सेंट्रिफ्यूज केलं. ब्लँक आला ०.८६. दुपटीहून जास्त. ३० जूनला पुन्हा केलं, ०.८३. त्या संध्याकाळी घणसोली स्टेशनवर दोन गाड्या सोडून बसून राहिले. चूक झाली की माणूस सुधारतो, पण सगळं बरोबर करून उलटं होत असेल तर काय सुधारायचं, तेच कळत नव्हतं. हे काम आपल्याला जमण्यातलं नाही, असं तेव्हा मनापासून वाटलं होतं.

३ जुलैला वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, “रंग कुठून येतोय?” मी म्हटलं, “मॅडम, ब्लॉकिंग कमी पडतंय.” त्या म्हणाल्या, “तो तुझा अंदाज झाला. प्लेटला विचारलंस का?”

कॉलेजात आम्हाला एलायझाचं १९७१ साल पाठ होतं, तो मांडणारे स्टॉकहोम विद्यापीठातले एवा एंगवाल आणि पीटर पर्लमन ही नावंही पाठ होती. पण रिकामा वेल स्वतःहून काही सांगू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमनी कोरा कागद घेतला, ९६ चौकटी आखल्या आणि आम्ही दोघींनी एक प्लेट मांडली जिच्यात फेरिटिन कुठेच नव्हतं. काही वेलमध्ये नुसतं टीएमबी. काहींमध्ये मोकळं प्लास्टिक आणि थेट कॉन्जुगेट. काहींमध्ये कोटिंग नाही, फक्त ब्लॉकिंग आणि कॉन्जुगेट. काहींमध्ये कोटिंग, ब्लॉकिंग, कॉन्जुगेट, पण डिटेक्शन अँटिबॉडी नाही. आणि काहींमध्ये नमुना सोडून सगळं. प्रत्येक प्रकाराचे सहा वेल, तेही एकाच कॉलममध्ये न ठेवता प्लेटभर विखुरलेले, म्हणजे कडेच्या वेलचा दोष एकाच प्रकारावर जाऊन पडणार नाही.

आषाढी एकादशी रविवारी होती. सोमवारी, ७ जुलैला प्लेट कोट केली आणि मंगळवारी वाचली. आकडे देते, कारण मला कुणी दिले असते तर महिना वाचला असता. नुसतं टीएमबी ०.०५. म्हणजे सबस्ट्रेट चांगला, पाणी चांगलं, प्लेट चांगली. मोकळं प्लास्टिक आणि कॉन्जुगेट १.१, तेही अपेक्षितच. सगळं घातलेला नेहमीचा ब्लँक ०.४१. आणि फक्त बीएसएने ब्लॉक केलेला, ज्यात ना उंदराची अँटिबॉडी ना शेळीची, तो ०.३६. दुधाने ब्लॉक केलेला ०.८०. कोटिंग असो वा नसो, डिटेक्शन असो वा नसो, जवळजवळ सगळा रंग कॉन्जुगेट आणि ब्लॉकिंग एवढ्या दोघांतूनच येत होता.

तरी एक शंका राहते. ब्लॉकिंगमध्ये भोकं राहिली असतील आणि कॉन्जुगेट त्या भोकांतल्या प्लास्टिकवर बसत असेल, तर? पण तसं असतं तर ३ टक्के बीएसएने रंग उतरायला हवा होता. तो चढला होता. म्हणजे कॉन्जुगेट ब्लॉकिंगमधल्याच कशाला तरी ओळखत होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न केला, “बीएसए कुणाचं असतं?”

गाईचं. दूधही गाईचं. आणि माझं कॉन्जुगेट शेळीची अँटिबॉडी ओळखायला बनवलेलं. गाय, शेळी आणि मेंढी एकाच कुळातल्या, त्यांची इम्युनोग्लोब्युलिन्स, म्हणजे अँटिबॉडी, इतकी सारखी की एकीवर उठलेली अँटिबॉडी दुसरीलाही धरते. दुधात गाईचं इम्युनोग्लोब्युलिन असतंच. बीएसए रक्तातून वेगळं काढतात, त्यातही ते थोडं मागे राहू शकतं, ग्रेडप्रमाणे कमी-जास्त. म्हणूनच ‘आयजीजी-मुक्त’ (आयजीजी हे मुख्य इम्युनोग्लोब्युलिन) बीएसए वेगळ्या भावाने विकलं जातं. मी मोकळी जागा भरायला जे प्रथिन अंथरत होते, त्यातच कॉन्जुगेटला हवं ते लक्ष्य मिसळलेलं होतं. जितकं जास्त अंथरलं तितका जास्त रंग. कॉन्जुगेटसोबत आलेल्या माहितीपत्रकावर, दुसऱ्या पानाच्या तळाशी, गाय आणि मेंढीच्या इम्युनोग्लोब्युलिनशी अभिक्रिया होऊ शकते, असं स्वच्छ छापलेलं होतं. ते पत्रक माझ्या ड्रॉवरमध्ये महिनाभर पडून होतं. तुमचं आत्ता काढून वाचा.

खात्री करायला पैसे लागले नाहीत. दुसऱ्या प्रोजेक्टचं सशाचं नॉर्मल सीरम फ्रीझरमध्ये होतं. कॉन्जुगेट सशातच बनवलेलं असल्यामुळे सशाचं प्रथिन त्याला परकं वाटायचं कारण नाही. ज्या प्राण्यात कॉन्जुगेट बनलं त्याचंच सीरम ब्लॉकिंगला घ्यायचं, हा जुना नियम आहे. उलट, शेळीविरोधी कॉन्जुगेट असताना शेळीचं सीरम वापरलं तर संपलंच. १० जुलैला ५ टक्के सशाच्या सीरमने ब्लॉक करून, वर फक्त कॉन्जुगेट घातलं. ०.१४. त्या दिवशी परत जाताना पाऊस धो धो होता आणि मला रिक्षाची रांगसुद्धा छान वाटत होती.

सीरम किटसाठी परवडत नाही आणि लॉटगणिक बदलतं. मॅडमनी थंड पाण्यातल्या माशांचं जिलेटिन सुचवलं. सस्तन प्राण्यांविरुद्धच्या अँटिबॉडी माशाच्या प्रथिनाला सहसा ओळखत नाहीत, आणि ते थंडीतही डुकराच्या किंवा गाईच्या जिलेटिनसारखं थिजत नाही. १४ जुलैला इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, भरला. आमच्याकडे पाच हजारांच्या वर तीन कोटेशन्स लागतात. दोनच आली, म्हणून ‘तिसरं का नाही’ याचं वेगळं पत्र. मग पर्चेसकडून प्रश्न आला की मायक्रोबायोलॉजीत जिलेटिनचा डबा आहे, तो का चालत नाही. प्रश्न रास्त होता. मी अर्ध्या पानाची टिपणी लिहिली, ८ जुलैच्या प्लेटचे आकडे जोडले, आणि २२ जुलैला सही झाली. इथे एक सांगते. इंडेंटमध्ये ‘बॅकग्राउंड कमी करण्यासाठी’ असं मोघम लिहू नका. दोन आकडे लिहा, आधीचा आणि अपेक्षित. सही लवकर मिळते. पाव लिटरची बाटली जीएसटीसकट आठ हजारांच्या थोडी आत बसली. स्टोअरच्या काकांनी तीन आठवडे सांगितले होते, ती १३ ऑगस्टला आली.

ते तीन आठवडे रिकामे गेले नाहीत. स्टोअरमध्ये केसिन होतं. तेही दुधातलंच, पण शुद्ध केलेल्या केसिनमध्ये इम्युनोग्लोब्युलिन खूप कमी राहतं, म्हणून करून पाहिलं. ते पीबीएसमध्ये नुसतं ढवळून विरघळत नाही. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करत विरघळवलं, पीबीएस घातलं आणि पीएच ७.४ वर आणायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला लागले. घाईत दोन मिलिलिटर एकदम पडलं आणि बीकरमध्ये दूध फाटतं तसं झालं. केसिन ४.६ पीएचच्या आसपास साकळतं आणि आम्ल जिथे पडलं तिथे तेवढा पीएच क्षणभर खाली गेला होता. दुसऱ्यांदा थेंब थेंब, चुंबकी ढवळणी जोरात ठेवून केलं. ब्लँक ०.१९. बाहेरून काही मागवायची सोयच नसेल तर शेळीविरोधी कॉन्जुगेटसाठी हा मधला मार्ग आहे.

याच काळात कडेच्या वेलचाही छडा लागला. बाराव्या कॉलमचे आकडे नेहमी चढे असायचे. एसीचा झोत थेट माझ्या बेंचवर येत होता, आणि प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे एसी चालू असताना २४ अंश, बंद असताना ३१, असा सगळा मामला होता. मी झाकणाचा स्टीलचा डबा आणला, तळाला ओला टिश्यू ठेवला, प्लेट सील करून त्यात ठेवायला लागले, आणि डबा २५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. डबा घरचाच, मागच्या दिवाळीत चिवड्याला वापरलेला. कडेचा फरक जवळपास गेला. ब्लॉकिंगचं आकारमानही २०० वरून ३०० मायक्रोलिटर केलं. पातळी कोटिंगच्या बरीच वर गेली पाहिजे, नाहीतर वॉशच्या वेळी द्रव भिंतींवर चढतो आणि तिथलं उघडं प्लास्टिक कॉन्जुगेट धरून ठेवतं.

माशाचं जिलेटिन ४५ टक्क्यांच्या द्रावणात येतं, काकवीसारखं घट्ट. पिपेटने मोजायचा प्रयत्नही करू नका, टिपमध्ये निम्मं राहतं. वजन करून घ्या. १ टक्क्याच्या १०० मिलिलिटरसाठी साधारण २.२ ग्रॅम. पीबीएसमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० या डिटर्जंटबरोबर घ्या, कारण एकटं जिलेटिन प्लास्टिक तितकं दाट झाकत नाही. एकटं ट्वीनही पुरत नाही, ते पुढच्या वॉशमध्ये निघून जाऊ शकतं. प्रथिन जसं टिकून बसतं तसं ते बसत नाही.

१५ ऑगस्टची सुट्टी आणि दहीहंडी गेली, १८ ऑगस्टला दोन प्लेट्स कोट करून फ्रिजमध्ये ठेवल्या. १९ ऑगस्टला पावसाने हार्बर ठप्प झाली, मॅडम तिकडेच अडकल्या आणि आम्हा सगळ्यांना घरी थांबायला सांगितलं. मला दिवसभर त्या दोन प्लेट्स दिसत होत्या. २० तारखेला पोचले तेव्हा कोटिंगला दोन रात्री झाल्या होत्या. टाकून देणार होते, पण मॅडम म्हणाल्या, “डेव्हिएशन लिही आणि चालव. शिकायला मिळेल.” प्रोटोकॉलपासून ढळल्याचा एका पानाचा फॉर्म भरला, वेळ आणि कारण लिहिलं, आणि प्लेट चालवली.

ब्लँक ०.१२. जूनपासून ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. पण १०० नॅनोग्रॅमचा ओडी १.९ वरच होता आणि ०.१२ हे ०.०५ नव्हे. ब्लॉकिंग तर बदललं, मग उरलेलं कुठून? त्या रात्री ठाण्याला पोचेपर्यंत डोक्यात तेच होतं, आणि दिघ्याच्या आसपास कधीतरी लख्ख पडलं. कॉन्जुगेट ज्यात पातळ करत होते त्या डायल्युअंटमध्ये अजून १ टक्का बीएसए होतंच. प्लेटवरची गाय काढली होती, बाटलीतली राहिली होती. आणि ती दोन्हीकडून नुकसान करत होती. काही इम्युनोग्लोब्युलिन प्लेटवर बसून रंग देत होतं, आणि बाकीचं कॉन्जुगेटला बाटलीतच धरून ठेवत होतं, त्यामुळे खऱ्या कामाला ते कमी पडत होतं.

२२ ऑगस्टच्या प्लेटमध्ये नमुना, डिटेक्शन, कॉन्जुगेट, सगळ्यांचं डायल्युअंट माशाच्या जिलेटिनचं केलं. ब्लँक ०.०८, वरचा २.६. कॉन्जुगेट १:१५,००० केलं तर ०.०७ आणि २.१. महागडं कॉन्जुगेटही एक तृतीयांश वाचलं. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ब्लॉकिंगचं प्रथिन बदलत असाल तर डायल्युअंट विसरू नका. हे वाक्य मी आमच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, ठळक टाइपमध्ये घातलंय.

मॅडमना तेवढ्याने समाधान नव्हतं. माणसाच्या सीरममध्ये माणसाचं इम्युनोग्लोब्युलिन भरपूर असतं, कॉन्जुगेट त्याला धरत नाही कशावरून? मग दहा नमुने डिटेक्शन अँटिबॉडीशिवाय चालवले. सगळे ब्लँकच्या आसपासच. बरं वाटलं.

२६ ऑगस्टला दोन प्लेट्स ब्लॉक केल्या, ब्लॉकिंगमध्ये शेवटी साखर, म्हणजे सुक्रोज, घालून त्या वाळवल्या, सिलिका जेलच्या पुडीसह फॉइलच्या पाकिटात बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि गणपतीला घरी गेले. गौरी-विसर्जन करून ३ सप्टेंबरला परतले, ४ तारखेला पाकीट उघडलं. ब्लँक ०.०८. आठवडाभर वाळून राहिलेलं ब्लॉकिंग जागचं हललं नव्हतं.

८, ९ आणि १० सप्टेंबरला तीन दिवस तीन प्लेट्स, प्रत्येकीवर २० ब्लँक. सरासरी ०.०७१, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.००६. तिप्पट मिळवून ०.०८९. एक नॅनोग्रॅमचा ओडी ०.११८. जूनमध्ये जो बुडालेला होता तो आता पाण्याच्या वर होता.

पद्धत बदलायच्या परवानगीचा, म्हणजे चेंज कंट्रोलचा, फॉर्म दोनदा परत आला. पहिल्यांदा जुन्या-नव्या पद्धतीचे नमुने शेजारी ठेवून दाखवा म्हणून, दुसऱ्यांदा जिलेटिनच्या मूळ स्रोताचं प्रमाणपत्र नाही म्हणून. प्रमाणपत्र पुरवठादाराकडून यायला चार दिवस गेले. बाटली येते त्याच दिवशी ते मागून ठेवा. १७ सप्टेंबरला एसओपीच्या नव्या आवृत्तीवर सही झाली. त्याच दुपारी जुन्या पद्धतीने ‘मोजता येत नाही’ शेरा मिळालेला एक नमुना नव्या प्लेटवर वाचला. नाव नाही, फक्त क्रमांक, आणि ‘स्त्री, ३४’. फेरिटिन ११. मी तो आकडा बराच वेळ पाहत राहिले. आईचा त्या वयातला आकडा असाच काहीतरी असणार.

जिलेटिनचा नवा लॉट काल आला. सोमवारी पहिल्या सहा कॉलममध्ये जुना, पुढच्या सहामध्ये नवा, अशी एक प्लेट लावणार आहे. तिच्यात कोटिंग नसलेले आणि फक्त ब्लॉकिंग-कॉन्जुगेट असलेले बारा वेल ज्युनिअरने माझ्याआधीच कागदावर आखून ठेवलेत.